मांडेवालीचा खांदा आणि करंटची पेटी

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मी सहा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी केली. माझ्या खोलीत एक बाकडं, भिंतीला लावलेली एक कप्पी, वाळूच्या चार पिशव्या आणि शेकाची बादली, एवढाच संसार होता. मुंबईला शिकताना विजेची सगळी यंत्रं हाताळली होती, पण धुळ्यात आल्यावर ती माझ्या वहीतच राहिली. त्यामुळे जळगावच्या एका धर्मादाय दवाखान्यात करंटचं मशीन आलंय आणि ते चालवणारं माणूस हवंय असं कळलं, तेव्हा मी आठ दिवसांत ट्रंक भरली.

तिथे पोचले तर मशीनचं उद्घाटन होऊन पाच महिने झाले होते. पाच महिन्यांत ते एकदाही चालू झालेलं नव्हतं. शेठजींनी, म्हणजे ट्रस्टच्या अध्यक्षांनी, ते आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ मागवलं होतं आणि भिंतीत संगमरवरी पाटी बसवली होती. पाटीवर शेठजींचं, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं आणि राजस्थानातल्या मूळ गावाचं नाव होतं. मशीन कशाचं आहे ते लिहायला जागा उरली नव्हती. कंपाउंडर रोज सकाळी मखमली झाकण काढायचा, पेटी पुसायचा, उदबत्ती ओवाळायचा आणि झाकण परत घालायचा. राख बटणांच्या फटीत जाऊन बसली होती. माझा पहिला दिवस ती टाचणीने उकरण्यात गेला.

मशीन म्हणजे रेडिओएवढी राखाडी पेटी. वर दोन काळी बटणं, एक काटा, दोन वायरी आणि वायरींच्या टोकांना शिशाचे पत्रे. पत्र्यांखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेली जाड पॅडं ठेवायची. करंट दोन जातींचा. एक धक्क्याधक्क्याने येतो, त्याने स्नायू उडतात. पायातली शक्ती गेली असेल तर तो कामाचा. दुसरा सरळ, संथ वाहतो, त्याने दुखणं बोथट होतं. लोकांना हवा असायचा तो हा दुसरा, आणि सांभाळायचं असतं ते त्यालाच, कारण प्रमाण चुकलं तर पॅडखाली कातडी भाजते. किती सोडायचा ते काट्यावर थोडंफार कळतं, बाकीचं पेशंटने सांगायचं. नुसत्या मुंग्या आल्या की बस. चटका बसला तर चूक झाली. म्हणजे सगळी विद्या उभी होती पेशंटने खरं सांगण्यावर.

आमच्या भागात विहिरींवर नुकत्या विजेच्या मोटारी बसत होत्या. वीज म्हटली की माणूस घोड्यांत, म्हणजे हॉर्सपॉवरमध्ये, बोलायचा. तीन घोड्यांची मोटार असलेला पाच घोडेवाल्याला आधी नमस्कार करायचा. माझ्या पहिल्या पेशंटांत चोपड्याकडचे एक केळी-बागाईतदार होते. साठीचे, भरदार मिशांचे, कंबर धरलेली. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायला लागले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हाई मशीन कितला घोडानी शे?"

"घोड्यांची नाही आबा. ह्यात अगदी थोडा करंट असतो."

"थोडा म्हन्जे कितला?"

"तुमच्या हातातल्या बॅटरीच्या दिव्याला लागतो त्याहून कमी."

आबा उठून वहाणा शोधायला लागले. "मन्ही विहिरवर पाच घोडानी मोटर शे. आनि कंबरले बॅटरीना करंट?"

कसंबसं त्यांना पालथं झोपवलं. बटण हळूहळू फिरवत विचारलं, "मुंग्या येतात का?"

"नही."

"आता?"

"नही. बठ्ठा सोडा ना!"

ते 'नही' म्हणत होते, सगळा करंट मागत होते आणि त्यांच्या पाठीवरचे केस उभे राहिले होते. मी बटण मागे घेतलं. माझं लक्ष मग पेशंटच्या तोंडावर कमी आणि कातडीवर जास्त राहायला लागलं. तरी पुरुषांना त्या काट्याचं वेड लागलं ते लागलंच. पंधरा दिवसांत बाहेरच्या पानटपरीवर चर्चा सुरू झाली. "काल मी बारावर होतो." "मी चौदावर झोपून गेलो." एक मास्तर सोळावर गेल्याचं सांगत फिरत होते, त्यांना मी कधी सहाच्या वर नेलंच नव्हतं. शेवटी मी पेटीचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. तेव्हा लोक माझं कोपर किती फिरतं त्यावरून अंदाज बांधायला लागले.

बायकांचं उलटं. त्यांना काट्याशी देणंघेणं नसे. बाई आली की तिच्याबरोबर सासू, नणंद नाहीतर जाऊ यायचीच, आणि तिच्यासमोर दुखतंय म्हणणं म्हणजे काम टाळतेय असं होई. कमरेत वाकलेली बाई, तिला विचारावं "कुठे दुखतं?" तर म्हणायची, "दुखत नाही. हेच म्हणाले दाखवून ये." करंट सोडल्यावर "काही होतंय का?" तर "काही नाही." पॅड काढलं की खाली टोमॅटोसारखा लाल डाग. पुरुष दोनाचे दहा सांगायचे आणि बायका दहाचं शून्य. माझ्या पुस्तकात ह्यावर एकही धडा नव्हता.

अशात फाल्गुन संपता संपता आबा एका बाईला घेऊन आले. एदलाबादकडची, पन्नाशीची, काळी काटक, नऊवारी घट्ट नेसलेली. उजवा हात तिने पोटाशी असा धरला होता की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि सांभाळायला दिलाय. बरोबर तिची धाकटी जाऊ होती.

"बाई, वैशाखमा मन्ही धाकली पोरनं लगीन शे," आबा म्हणाले. "ह्या अक्का मांडा करतीस. यास्ना हात चालाले पाहिजे."

अक्का लग्नांत मांडे करणारी बाई होती. घरातल्या पुरणपोळीशी त्या मांड्याचं नातं असलंच तर फार लांबचं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, मनगटापासून कोपरापर्यंत ताणत न्यायचा, पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ करायचा आणि पालथ्या घातलेल्या तापत्या खापरावर एका झटक्यात पसरायचा. पाचशे पानांचं लग्न असलं की हे सकाळपासून दुपारपर्यंत. व्याही धुळ्याचे होते आणि मांडे पाहिजेत असा त्यांनी मुद्दाम निरोप पाठवला होता. आबांची सगळी इभ्रत त्या खापरावर होती.

आबा बाहेर विडी ओढायला गेले आणि जाऊ पिण्याचं पाणी शोधायला गेली, तेवढ्यात अक्का माझ्याजवळ सरकली.

"मले एक खरं सांगा. हात जाईन का वर?"

"जाईल. वेळ लागेल."

"वेळच तं नाही ना. मी नाही बसली तं आबा हिले बसवतीन." तिने दाराकडे मान हलवली. "एकदा ती त्या चुलीवर बसली का मंग मले कोनी बलावत नाही. तीस वर्षं झाले. माह्या हातचे मांडे खाऊन पोरी नांदाले गेल्या, त्यांच्या पोरींचे लग्नं केले मी."

"हिला येतात का मांडे?"

"माह्याजोळच शिकली," ती म्हणाली. तिचा राग सगळा त्यातच होता.

मी खांदा तपासला. आखडलेला. हात समोरून छातीच्या वर जात नव्हता, बाजूने तर वीतभरही नाही. हाड जागेवर होतं. अशा खांद्याला करंट दिला की दुखणं तासभर बोथट होतं आणि त्या तासात हात हलवून घ्यायचा असतो. खरं काम व्यायाम करतो, करंट फक्त दार उघडून देतो. पण त्याआधी कातडीला संवेदना आहे का ते पाहायचं, हा नियम. दोन काचेच्या नळ्या घ्यायच्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. पेशंटने डोळे मिटायचे.

मी गरम नळी खांद्यावर टेकवली. "गरम की थंड?"

"थंड."

गार टेकवली. "ही?"

"थंड."

पुन्हा गरम. "नीट सांगा अक्का."

"सांगू तं राहिली. थंड."

जाऊ परत येऊन बाकावर बसली होती आणि मान पुढे काढून बघत होती. मी टाचणी काढली. टोक लावलं. "टोचतं का?"

"नाही."

जरा जोरात. "आता?"

"काही नाही."

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, की ज्या कातडीला गरम-गार कळत नाही आणि टोचलेलं कळत नाही तिला हा करंट द्यायचा नाही. मी केसपेपरवर तसं लिहिलं, खाली रेघ मारली आणि सांगितलं की अक्कांना करंट मिळणार नाही, नुसता व्यायाम. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून वर चालवायची.

अक्काला हा अपमान वाटला. "साऱ्या गावाले देता आनि मलेच नाही? मी काय वाळीत हाये?"

"भाजाल म्हणून देत नाही."

"मी भाजेन?" तिने जावेकडे पाहिलं आणि दोघी, एकमेकींचा इतका राग असूनही, एकदम हसल्या.

जळगावात तिच्या भाच्याकडे दोघींचा मुक्काम होता. रोज दहाला त्या यायच्या. अक्का भिंतीपाशी जायची, दोनदा बोटं चालवायची, "हे खेळ बारक्या पोरांचे" म्हणायची आणि बाकावर येऊन पेटीकडे बघत बसायची. जाऊ शेजारी, हात मांडीवर ठेवून. हात कणभरही वर सरकला नाही. आबा दोनदा येऊन गेले. शेठजींना बातमी पोचायला तीन दिवस लागले.

"बाईजी," ते म्हणाले, "मशीन मातोश्रींच्या नावाचं आहे. पेशंट दारात येते आणि तुम्ही नाही म्हणता?"

"शेठजी, तिला संवेदना नाही. भाजली तर पाटीवर तिचंही नाव घालावं लागेल."

शेठजींनी पाटीकडे पाहिलं. जागा नव्हती हे त्यांनाही दिसलं. "मग थोडासा द्या ना. शगुन म्हणून."

"शगुनाचा करंट ह्या मशीनमध्ये नाही."

मला त्या उत्तराचा मोठा अभिमान वाटला. अक्का आल्याच्या आठव्या दिवशी तो उतरला. दुपारी मी स्टोव्हवर पॅडं उकळत ठेवली होती. उकळली की मी ती चिमट्याने काढून वाळत घालायची. जाऊ बांगड्या भरायला बाजारात गेली होती आणि अक्का एकटीच होती. मी दुसऱ्या पेशंटची वायर सोडत होते, मागे वळले तर अक्का डाव्या हाताने खदखदत्या पाण्यातून पॅड कोपऱ्याला धरून बाहेर काढत होती. चिमट्याशिवाय. एक, दोन, तीन. काढलं, झटकलं, ताटलीत टाकलं.

"अहो अक्का!"

"उतू चाललं होतं," ती म्हणाली. मग बोटं पदराला पुसत हसली. "हे पाहा बाई, याले गरम म्हनतात. तुमच्या त्या नळीत काय होतं? न्हानीतलं उरलेलं पानी."

मी स्टोव्ह बंद केला. तिला खुर्चीवर बसवलं, दोन्ही नळ्या नव्याने भरल्या आणि ह्या वेळी गरम की थंड असं विचारलंच नाही.

"अक्का, दोन्हींत फरक कळतो का?"

"कळतो तं. मी काय मेली हाये? एक माठातलं, एक कालच्या चहावानी."

"मग थंड का म्हणालात?"

"दोन्ही थंडच. एक जास्त थंड."

"आणि टाचणी?"

तिने दाराकडे पाहिलं. जाऊ अजून आली नव्हती. "टोचत होती," ती हळू आवाजात म्हणाली. "पन ती बसली होती ना पाहत. टाचणीले ओरडली म्हनून गावात सांगितलं असतं तिनं."

तीस वर्षं खापरापुढे बसलेल्या बाईला मी कोमट पाणी लावून गरम आहे का विचारत होते, तेही तिच्या जावेसमोर. पुस्तक लिहिणाऱ्याने मांडा पाहिला नव्हता, पण मी तर पाहिला होता. आठ दिवस माझ्या हुशारीत गेले. केसपेपरवरची ओळ मी खोडली आणि सही केली. शेठजींना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते शगुनावर घातलं असतं.

दुसऱ्या दिवशी करंट सुरू झाला. आता मी आधी जावेला बाहेर बसवायची आणि मग प्रश्न विचारायची. मुंग्या आल्या की अक्का "आल्या" म्हणायची, आणि वर, "धड मुंग्याबी नाहीत, मुंग्यांचे लेकरं." वीस मिनिटांनी पॅड काढलं. तिने खांदा हलवून पाहिला. चेहरा सैल पडला. मग पदर सावरला आणि निघाली.

"कुठे? भिंत राहिली."

"आता कायले? करंट घेतला ना."

इथे मी चक्क खोटं बोलले. मला वेळ नव्हता, तिलाही नव्हता.

"अक्का, करंट खांद्यात सोडलाय. लगेच हात वर नेला नाही तर तो खाली उतरतो."

"खाली कुठी?"

"कोपरात."

"मंग?"

"मग कोपर आखडतं."

ह्या वाक्याला जगातल्या कुठल्याही शास्त्रात आधार नाही. पण अक्का भिंतीशी गेली आणि घाम येईपर्यंत बोटं चालवत राहिली. रोज तिची बोटं जिथे पोचायची तिथे मी खडूने रेघ मारायची. चार दिवसांत रेघ दोन बोटं वर. पंधरा दिवसांत हनुवटीला. जाऊ खिडकीतून रेघा मोजायची. ती काय विचार करत होती मला कळत नव्हतं.

खोट्याचं एक असतं, ते आपण मारलेल्या रेघेवर थांबत नाही. अक्काने बाकावर सगळ्यांना समजावून सांगितलं, की करंट घेतला की हात वर करायचे, नाहीतर तो उतरतो. तिच्या तोंडून ते इतकं पटण्यासारखं येई की मी मध्ये पडेपर्यंत उशीर झाला होता. गुडघ्याचे पेशंट, मानेचे पेशंट, टाचेचे पेशंट, सगळे पॅड काढल्यावर दोन्ही हात आकाशात करून उभे राहायला लागले. टाचेवाल्याला मी म्हटलं, "तुमचा खाली उतरला तर बरंच आहे की." तो म्हणाला, "बाई, चुकून जमिनीत गेला तर वाया जाईल."

आबा पालथे असतानाच हात पुढे ताणून धरायचे. नेमके त्याच दिवशी शेठजी धुळ्याच्या चार व्यापाऱ्यांना मशीन दाखवायला घेऊन आले. दारातून त्यांना दिसलं ते असं: भिंतीला लागून सात माणसं हात वर करून उभी, एक पालथं पडून हात वर करतंय, आणि मी मध्ये पट्टी घेऊन.

"हे काय चाललंय?" एका पाहुण्याने विचारलं.

आबांनी मान वळवली. "करंट खाले उतरी जास ना!"

शेठजी पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "मुंबईचं लेटेस्ट टेक्निक आहे. बाईजी तिकडेच शिकल्यात."

वैशाख आला तेव्हा अक्काचा हात कानापर्यंत जात होता. त्याच्या वर नाही. मांड्याला तेवढा पुरतो, पण एक मांडा वेगळा आणि पाचशे पानं वेगळी. आबांना हे सांगितलं तर त्यांनी उपाय काढला, मशीनच लग्नाला न्यायचं. विहिरीची लाईन मांडवापर्यंत ओढलेलीच होती, तिला जोडू. पाच घोड्यांचा करंट शेवटी कुणाच्या तरी उपयोगी पडेल. शेठजीही तयार झाले, फक्त वर कापडी फलक लावू म्हणाले. मी सांगितलं की मशीन गेलं तर मी येणार नाही, आणि मी नसले तर बटण कोण फिरवणार? कंपाउंडरने हात वर केला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने तो खाली घेतला. मशीन राहिलं, मी गेले.

केळीच्या बागेला लागून मांडव होता. घरामागे चर खणून चूल केलेली, तिच्यावर परातीएवढं खापर. अक्का पाटावर बसली होती, शेजारी जाऊ उंडे करून देत होती. व्याह्यांकडच्या सहा-सात बायका खास बघायला म्हणून येऊन उभ्या होत्या. त्यांच्यात नवऱ्या मुलाची आत्या सगळ्यांत पुढे. मी खुर्ची नको म्हणून चुलीजवळ उकिडवी बसले.

पहिले मांडे पडले तेव्हा बघणाऱ्या बायका पुढे सरकल्या. उंडा तिच्या हातांवर चढायचा, फिरायचा, पसरायचा. कोपरापाशी आल्यावर नुसतं धोतराच्या कापडासारखं काही तरी हवेत असायचं आणि पुढच्या क्षणी ते खापरावर. मी खांद्याकडे बघत होते. तीसेक मांड्यांपर्यंत ठीक होतं. मग हात वर नेण्याऐवजी ती खांदाच कानाकडे उचलायला लागली. आखडलेला खांदा थकला की माणूस अशी चोरी करतो. बघणाऱ्यांना ती दिसत नाही, मला दिसते.

"अक्का, दुखतंय का?"

"नाही."

दोन मांडे झाले. तिच्या ओठावर घाम आला होता आणि तो चुलीचा नव्हता. तिसरा मांडा मनगटावरून घसरला, मधोमध फाटला आणि अर्धा खापरावर, अर्धा निखाऱ्यात गेला. पुरण जळाल्याचा वास सुटला.

"दमल्या वाटतं बाई," आत्या म्हणाली. "वय झालं की व्हायचंच. दुसरं कोणी नाही का करणारं?"

सगळ्यांची नजर जावेकडे गेली. जावेने उंडा हातात धरून ठेवला आणि मान खाली घातली. आबा मांडवाच्या दोरीला धरून उभे होते. ते तोंड उघडणार हे मला दिसलं, अक्कालाही दिसलं.

मी पुढे सरकले. दुखतंय का हा प्रश्न परत विचारण्यात अर्थ नव्हता, त्याचं उत्तर पाठ होतं.

"अक्का, सकाळपेक्षा जास्त की कमी?"

तिने खापरावरची राख फडक्याने पुसली. बराच वेळ पुसली. मग त्या सगळ्या बायकांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "जास्त. लई जास्त. हात तुटू राहिला माहा."

कुणी काही बोलायच्या आत ती जावेकडे वळली. "तू काय पाहू राहिली? हात धू. बस इथी. तू ताणशीन, मी टाकीन."

जाऊ आली. खापरावर टाकायला आणि उलटायला हात छातीच्या वर न्यावा लागत नाही. हे माझ्या दीड महिना डोक्यात आलं नव्हतं, आणि अक्काच्या आलं असेल तर तिने ते गिळून ठेवलं होतं. जावेने पहिला उंडा ताणला. चांगला ताणला. अक्काने तो तिच्या हातांवरून उचलून घेतला, उजेडाला धरला.

"कडा जाड हाये. कोन खाईन, तुहा बाप?"

"तुम्हीच शिकोलं असं."

"मी असं शिकोलं? दे दुसरा."

पुढचे दोन तास चुलीवर भांडण आणि मांडे दोन्ही एकत्र होत राहिले. पंगती उठल्या. आत्याने चार मांडे खाल्ले आणि पाचवा पदराखाली धुळ्याला नेला. मांडे कुणाचे म्हणून कुणी विचारलं की आबा सांगायचे, "अक्काना." जाऊ ते ऐकून हात धुवायची.

त्यानंतर लग्नाचं बोलावणं अक्कालाच यायचं आणि जाऊ तिच्याबरोबर जायची. लोकांनी त्याला जोडी म्हटलं, त्या दोघी त्याला काहीच म्हणत नसत. शेठजींनी ट्रस्टच्या सभेत मशीनने खांदा बरा केल्याचं सांगितलं. आबांच्या मते धुळ्याच्या व्याह्यांना जिंकलं ते करंटनेच, आणि पेटी पाच घोड्यांची असती तर अक्का एकटीनेच निभावून नेलं असतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून अक्काने भिंतीवर बोटं चालवणं सोडलं. मी आबांबरोबर निरोप धाडला, की अजून दोन महिने आली तर हात पूर्ण वर जाईल. उत्तर आलं, की कानाच्या वर आपलं काही काम नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मात्र ती करंटला यायची, कधी एकटी, कधी जावेला घेऊन, आणि बाकावर बसण्याआधीच सांगायची की आज किती आहे: कालच्यापेक्षा जास्त, परवापेक्षा कमी.

वर्षअखेरीला केसपेपर बंद करताना शेवटच्या रकान्यात परिणाम लिहायचा असतो. हालचाल अर्धी, काम चालू, एवढं मी इंग्रजीत लिहिलं. मग खाली मराठीत एक ओळ घातली: दुखलं की सांगते.